फाटकाच्या आतली वाहतूक

४ मार्च हा दिवस देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. १९६६ साली याच तारखेस राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली आणि सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभापासून कारखान्याकारखान्यांतून हा दिवस साजरा होऊ लागला. त्या दिवशी छातीवर बिल्ले लावले जातात, सामुदायिक शपथ घेतली जाते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात आणि बक्षिसे वाटली जातात. यात गैर काही नाही. पण समारंभ आटोपून पाहुण्यांची मोटार फाटकाबाहेर पडते न पडते तोच मालाच्या दाराशी खोळंबलेल्या ट्रकांची घाई पुन्हा सुरू होते. खोक्यांची उंच चळत पुढे धरून फोर्कलिफ्ट धावू लागते. त्या चळतीमुळे चालकाला समोरचे दिसत नाही. यंत्र विजेवर चालणारे असेल तर त्याचा आवाजही फारसा होत नाही, त्यामुळे वाटेत पाठमोरा उभा असलेल्या हमालाला ते जवळ आल्याचे कळत नाही. सकाळी घेतलेली शपथ या दोघांच्या कितपत कामी येईल, हा प्रश्न त्या समारंभात सहसा कोणी विचारत नाही.

शहरातील सुशिक्षित माणसाने हे यंत्र बहुधा दुरूनच पाहिलेले असते. पुढे दोन लोखंडी काटे, ते वरखाली करणारा उभा खांब, मागे जड धूड आणि मध्ये चालकाची बैठक, असे त्याचे रूप असते. लाकडी फळ्यांच्या पॅलेटवर रचलेला टन-दोन टन माल ते एका दमात उचलते आणि कित्येक फूट उंचीच्या घोडीवर नेऊन ठेवते. चाकणच्या मोटार कारखान्यांत सुटे भाग त्याच्याच काट्यांवरून फिरतात. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदराच्या परिसरात कंटेनर भरण्या-उतरवण्याचे काम त्याच्यावाचून अडते. भिवंडीची ओळख एके काळी यंत्रमागांची. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेरचे ठिकाण म्हणून तेथे गोदामे वाढली, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर जकात गेली तरी गोदामे वाढतच राहिली. त्या गोदामांतून आज घरोघरी पोहोचणारा साबण, औषधे, भ्रमणध्वनी, शाळेच्या वह्या यांपैकी बहुतेक वस्तू केव्हा ना केव्हा फोर्कलिफ्टच्या काट्यांवर चढलेल्या असतात. तेव्हा हा विषय केवळ कारखानदारांचा नाही. ज्याच्या दाराशी पुडके येते त्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे.

या यंत्राला विरोध करण्याचे मात्र काहीच कारण नाही. मागे भार आणि पुढे काटे असलेल्या गाड्या पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत तयार होऊ लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामानाच्या प्रचंड वाहतुकीमुळे त्यांचा प्रसार झाला. त्यापूर्वी, आणि आपल्याकडे त्यानंतरही कित्येक दशके, हे सारे ओझे माणसाच्या पाठीने आणि मानेने वाहिले. मुंबईच्या बाजारपेठांतील हमालांची दैना पाहूनच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीने त्या कायद्यामागे बळ उभे केले. शंभर किलोच्या पोत्याखाली ज्यांचे मणके झिजले त्यांना यंत्राचे महत्त्व सांगावे लागत नाही. प्रश्न एवढाच आहे की, माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरवणारे हे यंत्र त्याच्या पायावर किंवा छातीवर येऊ नये यासाठी कोणी काय करावयाचे, आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा.

मोटारीहून निराळे यंत्र

ज्याला मोटार चालवता येते त्याला फोर्कलिफ्टही चालवता येईल, असा एक सार्वत्रिक समज आहे. अनेक अपघातांचे मूळ या समजात आहे. शाळेत शिकवली जाणारी तरफ येथे आठवावी. पुढची चाके हा टेकू, काट्यांवरचा माल हा एका बाजूचा भार आणि मागचे लोखंडी वजन हा दुसऱ्या बाजूचा. दोन टन उचलणाऱ्या यंत्राचे स्वतःचे वजन तीन टनांहून अधिक असते, ते यासाठीच. माल काट्यांच्या मुळाशी चिकटून बसला असेल तोवर हा तोल राहतो. तोच माल टोकाकडे सरकला, किंवा खोके लांबट असले, की तेवढेच वजन अधिक जड पडते आणि मागची चाके उचलली जातात. म्हणून यंत्रावरच्या पट्टीवर किती अंतरावर आणि किती उंचीवर किती वजन उचलावे हे कोरलेले असते. ती पट्टी बहुधा इंग्रजीत असते, पुष्कळदा ग्रीसने माखलेली असते, आणि ज्याने ती वाचावी त्याला ती वाचायला कोणी शिकवलेले नसते. वजन जास्त झाले तर मागे दोन माणसे बसवून तोल सांभाळण्याची युक्ती अनेक ठिकाणी चालते. ती हुशारी नव्हे. त्या दोघांचे प्राण लोखंडाच्या भावात लावणे आहे.

तोल केवळ पुढेमागे सांभाळावयाचा नसतो. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य यांना जोडणारा एक त्रिकोण कल्पिला, तर माल आणि यंत्र यांचा एकत्रित गुरुत्वमध्य त्या त्रिकोणात असेपर्यंत यंत्र उभे राहते. माल उंच धरला की हा मध्यही उंच जातो, आणि मग वळणावरचा थोडासा वेगही त्याला त्रिकोणाबाहेर फेकण्यास पुरेसा होतो. त्यातच ही गाडी मागच्या चाकांनी वळते. पुढचा भाग थोडा वळला की शेपूट मोठा फेर घेते, आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ते धडकते. गाडी कलू लागली की चालक स्वाभाविकपणे उडी मारतो, आणि नेमक्या त्याच वेळी डोक्यावरची संरक्षक जाळी त्याच्या अंगावर येते. पट्टा बांधून बसलेल्या चालकाने अशा वेळी आसन न सोडता, चक्र घट्ट धरून, कलत्या बाजूच्या विरुद्ध झुकावे, असे तज्ज्ञ सांगतात. सहज प्रवृत्तीच्या विरुद्ध असलेली ही कृती नुसत्या अनुभवाने येत नाही, कारण हा अनुभव बहुधा एकदाच येतो. ती शिकवावीच लागते.

अमेरिकेत १९८० ते १९९४ या काळात फोर्कलिफ्टमुळे झालेल्या हजाराहून अधिक मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यांतील सुमारे २२ टक्के मृत्यू यंत्र उलटून आणि २० टक्के मृत्यू पायी जाणाऱ्या कामगाराला धडक बसून झाले होते. काट्यांवरून किंवा यंत्रावरून पडून मरण पावलेल्यांचे प्रमाण ९ टक्के होते. या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. ठरावीक कारणांनी, ठरावीक प्रकारे आणि वर्षानुवर्षे त्याच प्रमाणात घडणाऱ्या गोष्टीला दैवाचा घाला म्हणता येत नाही. जे आधी सांगता येते ते टाळताही येते. १९९८ च्या डिसेंबरात त्या देशाने नियम केला की वर्गातील शिक्षण, प्रत्यक्ष सराव आणि त्या त्या जागेवरची परीक्षा यांवाचून कोणी हे यंत्र चालवू नये, आणि दर तीन वर्षांनी चालकाची पुन्हा पारख व्हावी.

कायद्याची कुंपणे

आपल्याकडे याबाबत एक चमत्कारिक परिस्थिती आहे. रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या विद्यार्थ्याला परवाना लागतो, वाहनाला क्रमांक लागतो, विमा लागतो. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरावयाची खास वाहने वगळलेली आहेत. या वगळण्यामागे तर्क आहे. आवारातील वाहतूक ही आवाराच्या धन्याची जबाबदारी, असे कायद्याने मानले. परिणाम मात्र असा की, पाच टनांचे धूड माणसांच्या गर्दीत फिरवणाऱ्याला या कायद्याचा परवाना लागत नाही. फाटकाच्या बाहेर जो पोलीस हेल्मेटसाठी हटकतो, त्याचा हात फाटकापाशी थांबतो.

फाटकाच्या आत दीर्घकाळ राज्य होते ते १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे. त्याच्या २९ व्या कलमाने उचलयंत्रांची किमान वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सक्तीची केली होती. परंतु त्या कलमातील उचलयंत्राच्या व्याख्येत क्रेन, विंच, कप्पी इत्यादींची नावे होती, फोर्कलिफ्टचे नव्हते. जागरूक कारखाने तिलाही उचलयंत्र मानून तपासणी करून घेत. इतरांना पळवाट उघडी होती. भारतीय मानक संस्थेने अशा यंत्रांसाठी १९८० साली सुरक्षा-संहिता प्रसिद्ध केली होती, पण मानक हे कायद्याने बंधनकारक केल्याशिवाय उपदेशच राहते. आणि ज्या गोदामात केवळ साठवण होते, उत्पादन होत नाही, ते पुष्कळदा ‘कारखाना’च ठरत नसे. अपघातांची जी सरकारी आकडेवारी आहे तीही नोंदणीकृत कारखान्यांची. तिच्यानुसार २०१७ ते २०२० या वर्षांत देशात दररोज सरासरी तीन कामगार मृत्युमुखी पडले. गोदामात दगावलेल्या माणसाला या बेरजेतही जागा नव्हती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षेची २०२० ची संहिता अंमलात आली आणि जुना अधिनियम तिच्यात विलीन झाला. दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना, मग तेथे उत्पादन होत असो वा केवळ साठवण, तिच्या कक्षेत येते, ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट आहे. कर्तव्यात कसूर केल्यामुळे कामगाराचा मृत्यू ओढवला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, आणि त्या दंडाचा निदान निम्मा भाग वारसांना देण्याचा आदेश काढण्याची न्यायालयाला मुभा, अशी तरतूद तीत आहे. तथापि कारखान्याच्या व्याख्येसाठी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची मर्यादा होती ती वीस झाली, आणि निरीक्षकाच्या नावाला ‘सुविधादाता’ हे शेपूट जोडले गेले. निरीक्षकाने सल्ला द्यावा हे ठीक आहे. पण ज्याच्या येण्याची धास्ती नाही त्याचा सल्ला कितपत मानला जातो, हे कोणत्याही कचेरीतील कारकून सांगू शकेल.

घाईची किंमत

कायद्याच्या शब्दांपेक्षाही अधिक विचार करावयाचा तो पैशाच्या हिशेबाचा. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ या विषयावरील आपल्या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील फरक मांडला. धुराड्याचा धूर मालकाच्या वहीत लिहिला जात नाही, शेजाऱ्याच्या फुप्फुसात लिहिला जातो. गोदामातील घाईचेही असेच आहे. ट्रक अर्धा तास आधी सुटला तर त्याचा फायदा त्याच दिवशी जमेस धरला जातो. त्या घाईपायी एखाद्या तरुणाचा पाय गेला, तर त्याचा खर्च गोरखपूर, गंजाम किंवा जालना जिल्ह्यातील एखाद्या घरात पडतो. धाकट्या बहिणीची शाळा सुटते, जमिनीचा तुकडा गहाण पडतो. तो खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

भरपाईचा कायदा १९२३ पासून आहे, हे खरे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणावयाचे, हे त्याचे सूत्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. पंचवीस वर्षे वयासाठी हा अंक २१६.९१ आहे, म्हणजे हिशेबासाठी धरलेले वेतन १५ हजार असेल तर सुमारे सव्वासोळा लाख रुपये होतात. पण ही रक्कम मिळण्यासाठी माणसाचे नाव हजेरीपटावर असावे लागते, वेतन खरे लिहिलेले असावे लागते आणि कंत्राटदाराचा पत्ता सापडावा लागतो. जेथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे तेथे कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळते, आणि ते मोलाचे आहे. पण तेथे आणखी एक गोम आहे. जुलै २०१९ मध्ये मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के ठरली, ती सर्वांना सारखीच. ज्याच्या गोदामात दहा वर्षांत कोणाला खरचटले नाही त्यालाही तेवढीच, आणि ज्याच्या दारातून दरवर्षी रुग्णवाहिका निघते त्यालाही तेवढीच. अमेरिकेत मालकाच्या विम्याचा हप्ता त्याच्याकडील अपघातांच्या इतिहासाप्रमाणे चढतो-उतरतो. आपल्याकडे सावधगिरीला सवलत नाही आणि बेफिकिरीला भुर्दंड नाही. मग आरसे, रेघा, पट्टे आणि प्रशिक्षण यांवर पैसे घालणारा मालक बाजाराच्या दृष्टीने भोळाच ठरतो.

त्यातून कंत्राटांची उतरंड असते. माल एका कंपनीचा, गोदाम दुसऱ्याचे, यंत्र तिसऱ्याकडून भाड्याने घेतलेले, आणि चालक चौथ्या कंत्राटदाराचा. कित्येकदा मोबदला भरलेल्या गाड्यांच्या संख्येवर ठरतो. एका दिवसात घरपोच माल देण्याचे वचन ज्या कंपनीने दिलेले असते, तिच्या घाईचा सारा दाब शेवटी त्या बैठकीवरच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या पायाखालच्या पट्टीवर येतो. अपघातानंतर चौकशीच्या कागदावर मात्र ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हे दोनच शब्द उमटतात. चालकही बेफिकीर असू शकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याला शिकवले नाही, ज्याची पट्टी वाचण्याजोगी नाही, आणि सावकाश चालवले तर ज्याची मजुरी कापली जाते, त्याच्या निष्काळजीपणाची मुळे इतरांच्या वहीत शोधावी लागतात. गिडो कॅलाब्रेसी या विधिज्ञाने १९७० साली अपघातांच्या खर्चावर लिहिताना जो निकष मांडला, तो येथे उपयोगी पडतो. अपघात सर्वांत कमी खर्चात जो टाळू शकतो, जबाबदारी त्याच्यावर ठेवावी. तो माणूस चालक नव्हे. गोदामाची रचना, गाड्यांची वेळ आणि मजुरीची पद्धत जो ठरवतो, तो होय.

यावर लहान गोदामवाल्यांचा आक्षेप ठरलेला आहे: हे सारे मोठ्यांना परवडते, आम्हाला नाही. आक्षेपात तथ्य असते तर त्याचा विचार करावा लागला असता. परंतु ज्या उपायांनी अधिकात अधिक जीव वाचतात ते स्वस्त आहेत. पायी चालणाऱ्यांची वाट पिवळ्या रेघांनी आणि शक्य तेथे कठड्याने वेगळी करणे, आंधळ्या वळणावर बहिर्गोल आरसा लावणे, काटे जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवूनच माल नेणे, समोरचे दिसत नसेल तर गाडी उलटी चालवणे, उतारावर भरलेला माल चढाच्या बाजूस ठेवणे, काट्यांवर माणसाला कधीही न चढवणे, पाळी संपताच किल्ली काढून जबाबदार माणसाकडे देणे, आणि सकाळी ब्रेक, भोंगा, साखळ्या, चाके पाहून वहीत सही करणे, यांपैकी कशालाही परदेशी चलन लागत नाही. बंद गोदामात डिझेलची गाडी चालत असेल तर हवा खेळती ठेवणे आणि विजेच्या गाडीची बॅटरी भारित होत असेल तेथे विडी न ओढू देणे, यालाही भांडवल लागत नाही. लागते ती देखरेख, आणि वेळापत्रकात थोडी सैल.

शासनाने करावयाच्या गोष्टी मात्र याहून वेगळ्या आहेत. नव्या संहितेखालील नियमांत फोर्कलिफ्टचे नाव स्पष्टपणे घालावे, आणि तिची वार्षिक तपासणी व चालकाचे प्रमाणपत्र सक्तीचे करावे. हे प्रमाणपत्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून अल्प शुल्कात मिळावे आणि ते चालकाच्या मालकीचे असावे, म्हणजे कंत्राटदार बदलला तरी त्याची किंमत कायम राहील. यंत्रावरची पट्टी आणि शिक्षण मराठीत व हिंदीत असावे. अपघात घडला तर कंत्राटदाराबरोबर गोदामाचा आणि मालाचा धनीही जबाबदार धरला जावा. आणि विम्याच्या वर्गणीला अपघातांच्या नोंदीशी जोडण्याचा विचार, निदान मोठ्या आस्थापनांपुरता, आता करावा. तसे करताना अपघात लपवण्याचा मोह वाढणार नाही याची दक्षता घ्यावी लागेल. रुग्णालयांच्या नोंदी आणि कामगारांच्या तक्रारी यांची सांगड घातली तर ते अशक्य नाही.

राज्यघटनेच्या ४२ व्या कलमाने कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ साली सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाचे वातावरण हे आपल्या मूलभूत तत्त्वांत समाविष्ट केले. मोठ्या शब्दांची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती. उणीव आहे ती त्या शब्दांना गोदामाच्या दारापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेची. बारावीनंतर जे विद्यार्थी वर्गातून नाहीसे होतात, त्यांतील काही महिन्याभरात एखाद्या फोर्कलिफ्टच्या बैठकीवर बसलेले असतात. शिक्षकाच्या हजेरीपटावरून त्यांचे नाव निघालेले असते आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावर ते अजून चढलेले नसते. या दोन पटांच्या मधल्या जागेत त्यांचे आयुष्य कोणाच्या भरवशावर आहे, एवढे तरी पुढच्या ४ मार्चला शपथ देणाऱ्याने, शपथ घेणाऱ्यांना नव्हे, तर समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या मालकांना विचारावे.